‘काळा’ की ‘काळ्या’? एका रंगाच्या शब्दात होणाऱ्या या चुका टाळा

‘काळा’ हा शब्द एकटा असतो तोवर कुणी चुकत नाही. काळा कोट, काळी टोपी, काळे मांजर, इथवर सगळे ठीक चालते. घोळ होतो तो शेजारच्या शब्दामुळे. शेजाऱ्याला प्रत्यय लागलेला असतो, किंवा तो हिंदीतून उसना आणलेला असतो, किंवा जो ‘काळा’ वाटतो तो मुळात ‘काळ’ असतो. बातम्या, भाषांतरे, पाककृती, जाहिराती तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा हाती लागतात. त्या कुठे होतात, का होतात आणि पटकन कशा पकडायच्या, ते पुढे दिले आहे.

‘काळा पैशावर’, ‘काळी यादीत’

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच. आधी साधी रूपे पाहू. पुल्लिंगी: काळा कोट, काळे कोट. स्त्रीलिंगी: काळी टोपी, काळ्या टोप्या. नपुंसकलिंगी: काळे मांजर, काळी मांजरे. पुढच्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की हे सगळे भेद मिटतात आणि एकच रूप उरते: काळ्या. काळ्या कोटात, काळ्या टोपीखाली, काळ्या मांजराला, काळ्या पैशावर, काळ्या यादीत, काळ्या मातीत. लिंग कोणतेही असो, वचन कोणतेही असो.

मग ‘काळी यादीत नाव’ असे छापून का येते? मुख्य कारण हिंदी. हिंदीत स्त्रीलिंगी विशेषण बदलत नाही. तिथे ‘काली सूची में’ हेच बरोबर. हिंदी मजकूर समोर ठेवून घाईत मराठी केले की ‘काली’ची ‘काळी’ होते आणि तशीच राहते. दुसरे कारण असे, की ‘काळा पैसा’, ‘काळी यादी’ या जोड्या इतक्या घट्ट झाल्या आहेत की लिहिणाऱ्याला त्या एकच नाव वाटतात आणि प्रत्यय फक्त शेवटाला चिकटवला जातो.

शंका आली तर ‘काळा’ काढून तिथे ‘मोठा’ घाला. ‘मोठी यादीत नाव आले’ असे कुणी म्हणेल का? कान लगेच ‘मोठ्या यादीत’ म्हणतो. तेच रूप ‘काळा’ला द्या.

मजकूर लांब असेल तर संगणकावर शोध घ्या: ‘काळा’ आणि त्यापुढे एक मोकळी जागा, मग ‘काळी’ आणि मोकळी जागा. सापडेल त्या प्रत्येक ठिकाणी फक्त पुढच्या नामाचा शेवट पाहा. तिथे त, ला, ने, चा, वर, खाली, मध्ये, साठी यांपैकी काही असेल तर बहुधा ‘काळ्या’ हवे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण पुढच्या दोन भागांत येते.

मांजर हा आणखी एक सापळा. मराठीत ते स्त्रीलिंगीही चालते आणि नपुंसकलिंगीही. ‘काळी मांजर’ एक असते, ‘काळी मांजरे’ अनेक असतात. ‘काळे मांजर’ पुन्हा एकच. तिन्ही बरोबर आहेत, पण एकाच परिच्छेदात ‘काळी मांजर आली’ आणि पुढच्या ओळीत ‘ते पळाले’ असे झाले की वाचणारा अडखळतो. केस मात्र प्रमाण लेखनात पुल्लिंगी: काळे केस. तेलाच्या जाहिरातीत ‘काळी केसं’ दिसते ते बोलीतले रूप.

‘काळे’ आणि ‘काळं’ यांतही एकाच बाजूला राहा. लेख औपचारिक असेल तर काळे मांजर, काळे पाणी. बोलका असेल तर काळं मांजर, काळं पाणी, अनुस्वारासकट. ‘काळे मांजर रस्त्यात बसलं होतं’ यात दोन्ही घरचे पाहुणे एका पंगतीत येतात.

जोडून लिहिले की नियम बदलतो

काळाबाजार हा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात आणि दोन्ही चालतात, पण दोघांचे वागणे वेगळे आहे. तोडून लिहिले तर ‘काळा’ हे विशेषण राहते, म्हणून ‘काळ्या बाजारात’. जोडून लिहिले तर ते एक नाम होते आणि आतला ‘काळा’ हलत नाही: काळाबाजाराला आळा, काळाबाजाराचा गुन्हा. चुकतात ते ‘काळा बाजारात’ असे अर्धे-अर्धे करणारे.

आमचा कल असा: वस्तू कुठे विकली हे सांगायचे असेल तर तोडून (‘गहू काळ्या बाजारात विकला’) आणि काय केले हे सांगायचे असेल तर जोडून (‘गव्हाचा काळाबाजार केला’). कृतीला ‘काळाबाजारी’ म्हणणे हा हिंदीचा ठसा. मराठीत कृती म्हणजे काळाबाजार. करणारा तो काळाबाजारवाला किंवा सरळ ‘काळाबाजार करणारा’. ‘काळाबाजारी रोखा’ या घोषणेत नेमके काय रोखायचे, माणूस की धंदा, हे कळत नाही.

विशेषनामांतही हाच न्याय लागतो. नाशिकच्या मंदिराचे नाव काळाराम. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह सुरू झाला तो काळाराम मंदिर सत्याग्रह. लिहिताना ‘काळारामाच्या दर्शनाला’, ‘काळाराम मंदिरात’. बोलताना ‘काळ्या रामाच्या देवळात’ कानावर येते आणि त्यात गैर काही नाही, पण छापताना नाव नावासारखे ठेवावे. मुंबईतली काळाचौकी तशीच: काळाचौकीत, ‘काळ्या चौकीत’ नव्हे. काळा घोडा मात्र दोन शब्दांत लिहितात, म्हणून पंचाईत. ‘काळ्या घोड्यापाशी भेटू’ व्याकरणाने बरोबर, पण अनोळखी वाचक खरा घोडा शोधेल. सोपा उपाय म्हणजे पुढे ‘परिसर’ जोडा आणि प्रत्यय त्याला लावा: काळा घोडा परिसरात.

‘काळी’ जेव्हा नाम असते

शेतीच्या बोलीत ‘काळी’ म्हणजे लागवडीची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावाची वस्तीची जागा. जुन्या कागदपत्रांत काळी-पांढरी ही जोडी येते. पुरातत्त्वज्ञ आजही जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढरट मातीच्या उंचवट्याला पांढरीचे टेकाड म्हणतात. ही दोन्ही नामे आहेत, म्हणून त्यांचे सामान्यरूप ‘नदी’सारखे होते: काळीत, काळीला, पांढरीत, पांढरीच्या. ‘काळीत पेरले’ आणि ‘काळ्या मातीत पेरले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात काळी नाम आहे, दुसऱ्यात विशेषण. शुद्धलेखन तपासणारा एखादा उत्साही ‘काळीत’चे ‘काळ्यात’ करतो आणि वाक्याचा अर्थच जातो.

इथे शहरी लेखकांची एक चूक नेहमीची. ‘पांढरी’ हा ‘काळी’चा विरुद्ध शब्द म्हणून मातीचा प्रकार समजला जातो आणि ‘काळ्या जमिनीत कापूस, तर पांढऱ्या जमिनीत ज्वारी’ असली वाक्ये तयार होतात. पिकाच्या जमिनीची तुलना करायची तर भारी काळी, मध्यम काळी, हलकी, मुरमाड, तांबडी असे शब्द आहेत. पांढरी ही राहायची जागा आहे.

दुसरे ‘काळी’ नाम संगीतातले. पेटीवरच्या पट्ट्या ‘पांढरी एक’, ‘काळी चार’ अशा नावांनी ओळखतात. इथे ‘काळी’चे ‘काळ्या’ कधीच होत नाही: ‘ती काळी चारमध्ये गाते’, ‘काळी एकच्या तंबोऱ्यावर’. ‘काळ्या चारमध्ये’ लिहिलेत तर चार काळ्या पट्ट्या असा अर्थ होईल.

आकड्यांतही गफलत होते. सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच, आणि दोघींची मोजणी स्वतंत्र. पांढरी एक, मग काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. आता पुढे काळी तीन यावी असे वाटते, पण पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टीच नाही. काळी तीन येते पांढरी चारच्या नंतर, पांढरी पाचच्या आधी. मग काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. पाश्चात्त्य नावांत सांगायचे तर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. कार्यक्रमाच्या पत्रकात ‘काळी सहा’ छापलेले दिसले तर समजावे, की लिहिणाऱ्याने पेटी जवळून पाहिलेली नाही.

काळ आणि काळा

‘काळ’ म्हणजे समय, आणि मृत्यूही. त्याचे सामान्यरूप ‘काळा-’ असे होते, आणि तिथेच तो रंगाच्या कपड्यात शिरतो: काळाचा, काळाने, काळात. ‘काळाच्या पडद्याआड’ गेलेला माणूस काळ्या रंगाच्या पडद्यामागे गेलेला नसतो. ‘काळाने झडप घातली’, ‘काळाचा घाला’ इथेही मृत्यूच. ‘काळ्या पडद्याआड’ हे रूप तपासनीसाच्या अतिशहाणपणातून येते: आधी सांगितलेला ‘काळ्या’चा नियम न बघता सगळीकडे चालवला की हे होते.

बोलून टंकन करताना वेगळीच गंमत घडते. ‘काळाच्या ओघात’ असे बोलावे आणि पडद्यावर ‘काळा च्या ओघात’ उमटावे. प्रत्यय सुटला की उरतो तो रंग. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडूनच लिहितात, त्यामुळे ‘काळा च्या’, ‘काळा त’, ‘काळा ची गरज’ हे शोधून जोडून टाकणे हे शेवटच्या तपासणीतले काम आहे. ओळखायची खूण: जिथे ‘वेळ’, ‘जमाना’ किंवा ‘मृत्यू’ घालून वाक्य उभे राहते तिथे ‘काळ’ आहे.

काळरात्र आणि काळी रात्र यांत फरक ठेवा. चंद्र नसलेली रात्र काळी असते. ज्या रात्री मोठा घात झाला ती काळरात्र. भर पौर्णिमेची असली तरी. ‘ती काळी रात्र ठरली’ असे मथळ्यात आले की ‘ठरली’ हा शब्दच सांगतो की लेखकाला काळरात्र म्हणायचे होते.

दिवसाचे मात्र उलट आहे, तो ‘काळा दिवस’च असतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि आसपासचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या निषेधार्थ सीमाभागातले मराठी भाषक १ नोव्हेंबर हा काळा दिवस पाळतात. इथे क्रियापद सांभाळा. काळा दिवस पाळतात. ‘काळा दिवस साजरा’ करत नाहीत. हे वाचून हसू येते, पण दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतेच.

तोंड काळे करणे आणि तोंडाला काळे फासणे

ही चूक निव्वळ व्याकरणाची नाही, बदनामीच्या वाटेने जाणारी आहे. दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा:

‘आंदोलकांनी अधिकाऱ्याच्या तोंडाला काळे फासले.’

‘अधिकाऱ्याने तोंड काळे केले.’

पहिल्यात आंदोलकांनी शाई, काजळी किंवा जळके ऑइल माणसाच्या चेहऱ्याला चोपडले. घटना डोळ्यांनी पाहिलेली, निषेधाची. दुसऱ्यात रंगाचा थेंबही नाही. ‘तोंड काळे करणे’ म्हणजे नामुष्कीने निघून जाणे, आणि दुसरा अर्थ म्हणजे लाजिरवाणे, बहुतेकदा अनैतिक संबंधांचे, कृत्य करणे. रागाने ‘जा, तोंड काळं कर’ म्हणतात तेव्हा ‘चालता हो’ एवढेच असते. पण ‘त्याने तिच्याबरोबर तोंड काळं केलं’ हा थेट आरोप आहे. जागा वाचवायला म्हणून मथळ्यात ‘अधिकाऱ्याचे तोंड काळे’ असे छापले तर वाचणारा नको तो अर्थ घेऊ शकतो. ‘अधिकाऱ्याला काळे फासले’ एवढे लिहा, जागा तितकीच लागते.

आणखी दोन बारकावे. शाई लांबून फेकली असेल तर ती ‘शाईफेक’. काळे ‘फासायला’ हात लागतो. आणि ‘काळिमा फासणे’ हे तिसरेच: तिथे फासले जाते ते नावाला, घराण्याला, माणुसकीला. चेहऱ्याला काळिमा फासत नाहीत आणि माणुसकीला काळे फासत नाहीत.

जाता जाता शुद्धलेखन: काळिमा, ‘ळि’ ऱ्हस्व. शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याआधीचा इकार सहसा ऱ्हस्व. ‘काळीमा’ हे चुकीचे रूप इतके रुळले आहे की बरोबर रूपच चुकीचे वाटते. याउलट ‘काळीज’ अकारान्त, म्हणून ‘ळी’ दीर्घ; प्रत्यय लागला की तो इकार गळतो: काळजात, काळजाला. ‘काळीजाला भिडणारे’ हे गाण्यांच्या जाहिरातीत दिसते, तिथे ‘काळजाला’ हवे.

पांढऱ्यावर काळे, काळ्याचे पांढरे

तीन वाक्प्रचार, तेच दोन रंग, आणि अर्थ तीन दिशांना. ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणजे लिहिणे. कागद पांढरा, शाई काळी. ‘चार ओळी पांढऱ्यावर काळे करता येतात’ हे लिहिता-वाचता येण्याबद्दलचे विधान आहे. ‘काळ्याचे पांढरे होणे’ म्हणजे केस पिकणे, वय आणि अनुभव येणे: ‘याच कामात आमचे काळ्याचे पांढरे झाले.’ आणि ‘काळा पैसा पांढरा करणे’ म्हणजे बेहिशेबी पैसा हिशेबात आणणे. अर्थविषयक लेखात ‘कंपन्या काढून काळ्याचे पांढरे केले’ असे लिहिले तर त्या कंपन्या केसांच्या वाटतात, तेही उलट्या कामाच्या.

काळा पैसा म्हणजे कर चुकवलेला, दडवलेला किंवा गैरमार्गाचा पैसा. नोट खरीच असते. खोटी छापलेली नोट ही बनावट नोट. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीच्या निर्णयामागे दोन्ही कारणे सांगितली गेली, तेव्हापासून लिखाणात दोन्हींची सरमिसळ वाढली. ‘काळे धन’ हा हिंदी पेहराव. मराठी बोलतो ‘काळा पैसा’. आणि घर-जमिनीच्या व्यवहारात लोक ‘ब्लॅकमध्ये किती, व्हाइटमध्ये किती’ असे म्हणतात, तिथे संवाद लिहिताना ‘काळ्यात किती’ असे मराठीकरण करू नका. तसे कुणी बोलत नाही.

‘काळ्या दगडावरची रेघ’ ही न पुसणाऱ्या, ठाम गोष्टीबद्दल. ‘पांढरी रेघ’ असे वाढवून सांगतात, गरज नाही. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण वाईट प्रकरण खणत गेले की आणखी वाईटच निघते, यासाठी आहे. माणसाचा स्वभाव बदलत नाही हे सांगायला ती वापरली की नेम चुकतो; त्यासाठी कुत्र्याचे शेपूट आहे. आणि कुत्र्यावरून आठवले, ‘काळं कुत्रं’ नेहमी नकारातच येते: ‘काळं कुत्रंसुद्धा विचारणार नाही’, ‘तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही’. होकारार्थी वाक्यात ते नुसते कुत्रे उरते.

‘काळे पाणी’ म्हणजे अंदमानची शिक्षा. पोर्ट ब्लेअरचा सेल्युलर तुरुंग १९०६ मध्ये बांधून पूर्ण झाला. नळाला घाण पाणी आले तर ‘काळपट’ किंवा ‘गढूळ’ लिहा. ‘काळ्या पाण्याने रहिवासी त्रस्त’ यावर क्षणभर तरी गोंधळायला होते.

कुट्ट, भोर, कभिन्न

गडद काळ्यासाठी मराठीत एकाहून एक शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. काळाभोर कौतुकाचा: केस, डोळे, पावसानंतरची जमीन. काळाकुट्ट भीतीचा किंवा नावडीचा: ढग, अंधार, धूर. काळाकभिन्न आकाराने मोठा आणि धाक बसवणारा: कडा, कातळ, देहयष्टी. काळाकुळकुळीत चकचकीत: चिंचोका नव्हे, पण सीताफळाची बी, तुळतुळीत कुत्रा, तेल लावलेला दगड. मिट्ट बहुधा काळोखाशी: मिट्ट काळोख. काळाठिक्कर ‘पडतो’: चेहरा, किंवा करपलेली भाकरी. शाम्पूच्या बाटलीवर ‘काळेकुट्ट केस’ छापले तर ती बाटली विकायला अवघड जाईल.

रूप चालवताना पहिला भाग बदलतो, दुसरा नाही: काळ्याकुट्ट ढगांनी, काळ्याभोर केसांत, काळीभोर जमीन, काळ्याकभिन्न कड्यावर. ‘काळाकुट्ट ढगांनी’ ही पहिल्याच चुकीची धाकटी बहीण.

फिक्या बाजूला काळसर आणि काळपट. काळसर ही नुसती छटा; काळपट म्हटले की काहीतरी बिघडल्याचा वास येतो. काळसर लाकूड निवडून आणतात, काळपट भांडे घासायला काढतात. चांदी, चिरलेले वांगे, सोललेले केळे ‘काळे पडते’. चेहरा उन्हाने किंवा दुःखाने ‘काळवंडतो’.

स्वयंपाकघरातल्या काळ्या गोष्टी

पाककृतीच्या भाषांतरात एक शब्द चुकला तर पदार्थच बदलतो. ‘काली मिर्च’ म्हणजे मिरी किंवा काळी मिरी. ‘काळी मिरची’ लिहिले की वाचणारी काळपट लाल मिरची घालून बसते. ‘काला चना’चे मराठी फक्त हरभरा, आपला हरभरा मुळातच तो. ‘काला नमक’ म्हणजे पादेलोण, म्हणजेच काळे मीठ. सैंधव वेगळे, त्याला तो गंधकाचा वास नसतो. ‘काला जीरा’ बहुतेक हिंदी पाककृतींत शहाजिरे असते. मराठीत औषधी कडू जिऱ्यालाही काळे जिरे म्हणतात, आणि ते पुलावात पडले तर पुलाव फेकावा लागतो. तिथे नि:शंक ‘शहाजिरे’ लिहा.

काळा मसाला हा घरचाच पेच. अनेक घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. मराठवाडा, खानदेश, नगरकडे काळा मसाला म्हणजे भाजलेल्या मिरच्या-खोबऱ्याचा तिखटजाळ प्रकार. आमटीला ‘दोन चमचे काळा मसाला’ एवढेच लिहून सोडू नका. गोडा की तिखट ते सांगा.

आणि बिनदुधाचा चहा मराठीत ‘काळा’ नसतो, तो कोरा असतो.

इंग्रजीतून ओढून आणलेला काळा

काही ठिकाणी संस्कृत रूप आधीच रुळलेले आहे, तिथे ‘काळा’ घुसवू नये: कृष्णविवर (‘काळे छिद्र’ नव्हे), कृष्णधवल चित्रपट, कृष्णकृत्ये. पंचांगात कृष्ण पक्ष किंवा वद्य पक्ष. वर्गातला फळा नुसता फळा. हल्ली तो हिरवाही असतो, तरी फळाच. ‘काळी जादू’पेक्षा करणी, चेटूक, भानामती, जादूटोणा हे शब्द नेमके आहेत, महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याच्या मराठी नावातही जादूटोणा हाच शब्द आहे. विमानाचा ब्लॅक बॉक्स तसाच ठेवा. तो नारिंगी रंगाचा असतो, ‘काळी पेटी’ म्हटले तर शोधणाऱ्याची दिशाभूल.

‘घराण्यातली काळी मेंढी’ हे तर दख्खनच्या पठारावर चालणारच नाही. दख्खनी मेंढ्या बहुतांश काळ्याच; त्यांच्याच लोकरीची काळी घोंगडी होते. कळपात उठून दिसेल ती पांढरी. ‘घराण्याला बट्टा लावणारा’ म्हणा. तसेच ‘दाल में कुछ काला’चे ‘डाळीत काहीतरी काळं’ करू नका. मराठीत कुठेतरी पाणी मुरत असते.

माणसाला काळा म्हणताना

वस्तूच्या काळ्याचा विरुद्ध शब्द पांढरा, त्वचेच्या काळ्याचा गोरा. ‘पांढरी मुलगी’ म्हटले तर ती आजाराने पांढरीफटक पडली असेल. सावळा हा शब्द मुख्यतः माणसाला आणि देवाला. सावळा शर्ट नसतो. त्वचेच्या रंगाचे वर्णन कथेला खरेच लागत असेल तर सावळा, काळासावळा हे शब्द आहेत. ‘काळी असूनही सुंदर’ यातला ‘असूनही’ काढून टाका, वर्णनाला काही कमी पडत नाही. वंशाबद्दल लिहिताना ‘काळे लोक’ नको, कृष्णवर्णीय लिहा.

आडनाव काळे

बोलताना ‘काळ्यांकडे लग्न आहे’ हे अस्सल मराठी. लिहिताना मात्र ‘काळ्यांचा मोर्चा’ दोन अर्थांचा होतो. बातमीत ‘काळे यांचा मोर्चा’, सैल लिखाणात ‘काळेंचा’. एका मजकुरात एकच रूप धरा. बाईंचे आडनावही काळेच राहते, ‘श्रीमती काळे यांनी’. आणि शोध-बदल आज्ञेने ‘काळे’चे सरसकट ‘काळ्या’ करायला निघालात, तर आधी मजकुरात या आडनावाचे कुणी आहे का ते पाहून घ्या.